वायफाय जोडले जाते पण इंटरनेट नाही. आईच्या फोनवर मात्र व्यवस्थित चालते!

केरीचा_पाहुणा | सोमवार, सकाळी ९:१०
नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या केरीला आमचे मूळ घर. चवथ (गणेशचतुर्थी) आठवड्यावर आली म्हणून पणजीहून इकडे आलोय. मी औषधांच्या स्टॉकिस्टकडे कामाला, दुकानांच्या ऑर्डरी फोनवरच येतात, त्यामुळे "गावातून काम करतो" असे मालकांना ऐटीत सांगून आलो आणि इथे येऊन फसलो.

फोन वायफायला जोडला जातो. चिन्ह पूर्ण भरलेले, शेजारी बारीक उद्गारचिन्ह, आणि खाली "कनेक्ट केले, इंटरनेट नाही". त्याच वायफायवर आईचा फोन मजेत चालतो. ती रांधपाच्या खोलीत (स्वयंपाकघरात) बसून सकाळपासून कीर्तने ऐकते आहे, एकदाही अडकलेले नाही. मोबाइल डेटा घरात येत नाही. बाहेर तुळशीपाशी उभे राहिले तर एक कांडी दिसते.

केलेले उपाय: वायफाय बंद-चालू, फोन बंद-चालू, विमान मोड, नेटवर्क "विसरा" करून पासवर्ड पुन्हा घातला, राउटरचे बटण बंद करून पाच मिनिटांनी चालू केले. फरक शून्य. मागच्या महिन्यात दोन दिवस आलो होतो तेव्हा हाच फोन इथे नीट चालला होता. काय करू?

माडाखालचा | ९:१८
आईचा फोन घ्या, तुमचा तिला द्या. कीर्तन बंद पडले की दहा मिनिटांत उपाय निघेल.

पुणेरी_जावई | ९:३१
एक फोन चालतो, दुसरा चालत नाही. म्हणजे दोष तुमच्या फोनमध्ये, यात चर्चेसारखे काही नाही. बॅकअप घ्या आणि फॅक्टरी रीसेट मारा. माझ्याकडे असेच झाले होते, रीसेटने सुटले.

सुरंगी | ९:४४
जावईबापू, डोके दुखले की थेट डोकेच बदलायचे का? फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय. बॅकअप घ्यायलाही इंटरनेट लागते, आणि त्यांच्याकडे नेमके तेच नाही.

पाहुणेबाब, आधी या चार गोष्टी बघा. तारीख-वेळ बरोबर आहे का? बॅटरी पूर्ण उतरून फोन चालू झाला की कधी कधी तारीख मागे जाते, मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे फोनला खोटी वाटतात. व्हीपीएन (सगळे नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू राहिले आहे का? ऑफिसवाले घालून देतात आणि आपण विसरतो. सेटिंगमध्ये "खाजगी डीएनएस" (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय) आहे, अँड्रॉइड ९ पासून आलेले. तिथे जाहिराती अडवण्यासाठी कोणी पत्ता भरून ठेवला असेल आणि तो लागत नसेल, तर नेमके असेच दिसते. आणि त्या वायफायच्या तपशिलात आयपी, म्हणजे फोनचा नेटवर्कातला आकडी पत्ता, "स्थिर" केलेला नाही ना? तो राउटरने आपोआप द्यायचा असतो, त्याला "डीएचसीपी" म्हणतात.

केरीचा_पाहुणा | १०:०५
सुरंगीताई, चारही पाहिले. तारीख बरोबर, व्हीपीएन नाही, खाजगी डीएनएस "ऑटोमॅटिक", आयपी "डीएचसीपी" लिहिलेय. कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला (तुळशीपाशी उभे राहून, पावसात). तिथला मुलगा म्हणाला, "सर, आमच्या बाजूने सगळे ओके आहे, तुमचा मोबाइल जुना झालाय." दीड वर्षाचा आहे हो!

माडाखालचा | १०:०९
त्यांच्या बाजूने सगळे नेहमीच ओके असते. दोष नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूने वाहतो, नदी समुद्राकडे वाहते तसा.

रिसेप्शनवरचा_भाऊ | १०:४०
मी कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. हा प्रश्न मला दिवसाला वीस वेळा विचारतात, त्यामुळे थोडे ज्ञान पाजळतो.

इंटरनेट आहे की नाही हे फोनला कसे कळते? वायफाय जोडले की अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर हाक मारतो. तिथून "२०४" हा आकडा आला पाहिजे, त्यासोबत मजकूर काहीच नाही. आला, तर सगळे ठीक. त्या जागी भलतेच पान आले, तर फोन समजतो की मध्ये कोणी दारवान बसलाय, आणि "साइन इन करा" म्हणतो. आमच्या हॉटेलात खोली क्रमांक विचारणारे पान येते ते हेच. आणि उत्तरच आले नाही, तर "इंटरनेट नाही". आयफोनही तसेच करतो, फक्त ॲपलच्या पत्त्यावर जातो आणि "सक्सेस" हा शब्द मिळतो का बघतो.

तात्पर्य, वायफायच्या कांड्या फक्त फोन ते राउटर एवढेच सांगतात. राउटरच्या पलीकडे रस्ता आहे की दरी, ते त्या कांड्यांना ठाऊक नसते. पाहुणे येऊन म्हणतात, "भाईसाब, फुल सिग्नल है, नेट नहीं है." मी म्हणतो, साहेब, फेरीच्या धक्क्यापर्यंत तुम्ही पोचलात, पण फेरीबोट पलीकडच्या काठाला आहे.

जुना_मास्तर | ११:१५
फेरीबोटीची उपमा आवडली. मी दिवाडीला शिक्षक होतो, रोज फेरीने जाणे-येणे. धक्क्यावर उभे राहून समोर बोट दिसायची आणि घंटा मात्र इकडे वाजायची. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

वायरमन_डिचोली | दुपारी १२:२०
मी फायबर जोडणीचे काम करतो, कोणत्या कंपनीचे ते विचारू नका. पाहुणेबाब, भिंतीवरच्या डब्यावरचे दिवे सांगा. "पॉन" (फायबर जोडणीचा दिवा) हिरवा स्थिर आहे? "लॉस" नावाचा तांबडा दिवा लागलाय का? तांबडा लागला म्हणजे बाहेर कुठेतरी काच तुटली किंवा वाकली. या दिवसांत माडाचे चुडत वायरीवर पडते, नाहीतर माकडे झोके घेतात. पण आईचा फोन चालतोय, म्हणजे तांबडा नसणारच. तरी बघा.

केरीचा_पाहुणा | १२:३८
पॉन हिरवा, लॉस विझलेला. डबा रांधपाच्या खोलीबाहेरच्या पडवीत लावलाय.

आणि एक विचित्र गोष्ट सांगायची राहिली. काल आणि परवा रात्री अकरानंतर माझा फोन आपोआप चालू लागला! सकाळी सातला उठून ऑर्डरी बघितल्या, तेव्हाही चालत होता. नऊच्या सुमारास पुन्हा उद्गारचिन्ह.

पुणेरी_जावई | १२:४५
मग सोपे आहे. दिवसा लोड असतो, रात्री लोक झोपतात.

वायरमन_डिचोली | १२:५८
जावयांनो, लोडने नेट हळू होते. चित्र फिरत राहते, पान अर्धे उघडते. "इंटरनेट नाही" असे ठणकावून सांगत नाही. आणि लोड फक्त मुलाला लागतो, आईला लागत नाही, असे कसे?

माडाखालचा | १:०२
आईला कसलाही लोड लागत नाही. चवथीत घरी पंचवीस माणसे जेवतात, बघा कधी.

पुणेरी_जावई | १:२०
मग वायरमनसाहेब तुम्हीच सांगा. मी आपला अनुभव सांगितला. निदान "नेटवर्क सेटिंग रीसेट" तरी करा, त्यात फोटो वगैरे जात नाहीत.

केरीचा_पाहुणा | २:१०
जावईबापूंचे ऐकून नेटवर्क सेटिंग रीसेट केले. फोटो राहिले, पण ऑफिस, घर, सासुरवाडी, सगळीकडचे वायफाय पासवर्ड गेले आणि गाडीचे ब्लूटूथही विसरला. उद्गारचिन्ह आहे तसेच आहे, जरा जास्तच ठळक वाटतेय.

पुणेरी_जावई | २:१३
सॉरी.

म्हादईकाठची | २:५०
आमच्याकडे वाळपईत मे महिन्यात गडगडाटासह पहिला पाऊस झाला तेव्हा राउटर गेला. नवऱ्याचे म्हणणे, फायबर म्हणजे काच, काचेतून वीज जात नाही, मग राउटर जळेलच कसा? जळला. हे कसे, कोणी सांगेल का?

वायरमन_डिचोली | ३:१५
काचेतून येत नाही हे खरे. पण डबा विजेच्या बोर्डालाही जोडलेला असतो ना! झटका ॲडॉप्टरमधून शिरतो. शिवाय घराला येणाऱ्या फायबरच्या वायरीत ताण सहन करायला बहुधा लोखंडी तार असते, ती खांबापासून तुमच्या भिंतीपर्यंत येते. गडगडायला लागले की ॲडॉप्टर काढून ठेवायचा, बटण बंद करून भागत नाही. आणि कधी कधी डबा जिवंत, पण ॲडॉप्टर अर्धमेला: दिवे लागतात, डबा दर दहा मिनिटांनी आपसूक बंद-चालू होतो. नवा ॲडॉप्टर घेताना जुन्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या, पिन बसली म्हणून घेऊ नका.

सुरंगी | ३:४०
मूळ मुद्द्यावर येऊ या का? पाहुणेबाब, एक गोष्ट आम्ही सगळे गृहीत धरून चाललोय. आईचा फोन रांधपात चालतो. तुमचा कुठे चालत नाही? तुम्ही बसता कुठे? दोन्ही फोन हातात घेऊन एकाच जागी उभे राहिला आहात का?

केरीचा_पाहुणा | ३:५२
नाही! मी पुढच्या वसऱ्यावर बसतो, नाहीतर देवघराच्या खोलीत. आमचे घर चिऱ्याचे, जुने, भिंती हातभर जाड. मध्ये राजांगण (उघडा चौक), पलीकडे रांधप. पण इथेही सिग्नल पूर्ण दाखवतो, म्हणून सिग्नलचा प्रश्न नसावा असे वाटले. थांबा, बघून येतो.

चिऱ्याची_भिंत | ३:५५
माझ्या नावाचा उल्लेख झाल्यामुळे हजेरी. हातभर चिरा, त्यात श्रावण-भाद्रपदाची ओल, त्यातून पडवीतले वायफाय राजांगण ओलांडून देवघरात पूर्ण कांड्यांनिशी पोचते? मला पटत नाही. माझ्याकडे एका भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झवाले दिसतही नाही, २.४ वाले कसेबसे पोचते.

सुरंगी | ३:५९
चिऱ्याची भिंत यांनी लाखमोलाचा प्रश्न विचारलाय. पाहुणेबाब, हे वाचा.

केरीचा_पाहुणा | ४:२०
अहो कमाल! माझा फोन घेऊन रांधपात गेलो. एक-दोन मिनिटे उद्गारचिन्ह तसेच, मग फोनने वायफाय सोडले, पुन्हा पकडले आणि इंटरनेट सुरू. माझ्याच फोनवर! दुकानांच्या एकोणीस ऑर्डरी धबाधब पडल्या. मग आईचा फोन (कीर्तन संपल्यावर, परवानगीने) देवघराकडे नेला. तिथे वायफाय बंद करून चालू केले, आणि तिच्याही फोनवर उद्गारचिन्ह!

माडाखालचा | ४:२२
म्हणजे फोन निर्दोष सुटला. हेल्पलाइनवाल्या मुलाला कळवा.

वायरमन_डिचोली | ४:३५
आता मला वास यायला लागलाय. पाहुणेबाब, रांधपात असताना वायफायच्या नावावर दाबून तपशील उघडा, "आयपी पत्ता" आणि "गेटवे" हे दोन आकडे लिहून घ्या. मग देवघरात जाऊन तेच करा. दोन्ही इथे टाका. घरातले आकडे आहेत, टाकायला हरकत नाही.

रिसेप्शनवरचा_भाऊ | ४:४१
तोवर एक भर. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, फोनने स्वतःच मनाने घेतलाय असे समजायचे. आयफोनवर हे दिसते. अँड्रॉइड मात्र "आयपी पत्ता मिळवत आहे" म्हणत बसतो आणि सोडून देतो. आमच्याकडे लग्नाचे वऱ्हाड उतरले की हे होते, राउटरकडचे पत्ते वाटून संपतात. पंगतीत पाने संपल्यासारखे.

केरीचा_पाहुणा | ५:०५
रांधपात: आयपी १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१
देवघरात: आयपी १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१
वायफायचे नाव दोन्हीकडे तेच, अक्षर न् अक्षर.

सुरंगी | ५:०७
सापडले!!

वायरमन_डिचोली | ५:१२
गेटवे म्हणजे घराचा उंबरठा. तुमच्या घराला दोन उंबरठे आहेत, बाब. एकाच नावाचे दोन राउटर चालू आहेत. रांधपातला खरा. देवघराकडचा तुम्हाला पत्ता देतो, आत घेतो, पण त्याच्यामागे बाहेरची वाट नाही. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच असेल तर फोन दोघांना एकच समजतो, जवळचा जोरात ओरडतो त्याला धरतो. म्हणून "विसरा" करून उपयोग झाला नाही, पुन्हा त्याच्याकडेच जात होता. फायबरच्या आधी घरात काय होते?

केरीचा_पाहुणा | ५:२०
टेलिफोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड होते. दोन वर्षांपूर्वी फायबर घेतले तेव्हा बंद केले. त्याचा डबा... आईला विचारतो.

केरीचा_पाहुणा | ६:४८
मंडळी, ऐका.

देवघराच्या खोलीत भिंतीला उंच फळी आहे, तिच्यावर जुनी पंचांगे, समयांचा डबा, घुमटाचे फुटके मडके असा ऐवज. त्या मडक्यामागे जुना राउटर, वर कोळ्याचे जाळे, आणि जाळ्याआड हिरवा दिवा लुकलुकतोय! त्याचा ॲडॉप्टर खालच्या बोर्डाला जसाच्या तसा. टेलिफोनची तार कापलेली, पण डब्याला कोण सांगणार?

दोन वर्षे त्या बोर्डाचे बटण बंद होते. आता चवथीच्या तयारीला चुलतभाऊ रोज सकाळी नऊला येतात, मखराचे काम करतात आणि त्याच बोर्डावर मोठा दिवा लावतात. रात्री अकराला काम थांबले की बटण बंद. म्हणजे डबाही त्यांच्याबरोबर कामावर येत होता आणि त्यांच्याबरोबर घरी जात होता! भावांना पासवर्ड दिलेला नाही (आईचा हुकूम, नाहीतर मखर पुरे होणार नाही), ते आपापल्या डेटावर होते, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

आणि एकच नाव कसे? फायबर जोडायला आलेल्या मुलाला आईनेच सांगितले होते, "बाबा, नाव आणि पासवर्ड जुनाच ठेव, मला नवीन पाठ होणार नाही." त्याने बिचाऱ्याने ऐकले.

ॲडॉप्टर काढला. वसऱ्यावर बसून हे लिहितोय. कांडी एकच आहे, पण नेट आहे. सगळ्यांना देव बरें करूं!

जुना_मास्तर | ६:५५
उत्तम. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली की हजेरीत असाच घोळ व्हायचा.

म्हादईकाठची | ७:१०
हे वाचून मी माळ्यावर जाऊन बघून आले. आमचा जुना डबा आहे, पण वायर तोडलेली. हायसे वाटले.

पुणेरी_जावई | ७:३०
अभिनंदन. पण मी म्हणालो होतो की एक फोन चालतो, दुसरा नाही, हे तर खरेच होते ना?

माडाखालचा | ७:३२
बापू, जावई कधी चुकत नाही. बसा, पंचखाद्य घ्या.

चिऱ्याची_भिंत | ८:१५
आता वसऱ्यावर एकच कांडी म्हणताय. तो जुना डबा टाकू नका. त्याचाच उपयोग करून पुढच्या भागात वायफाय आणता येईल काय, वायरमनबाब?

वायरमन_डिचोली | ८:४०
येईल, पण नीट करायचे. जुन्या डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचे डीएचसीपी बंद करा, म्हणजे तो स्वतः पत्ते वाटणार नाही. आणि त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, नव्याशी टक्कर नको.  नंतर नव्या डब्याच्या "लॅन" भोकातून जुन्याच्या "लॅन" भोकात केबल. टेलिफोनचे भोक रिकामे. एवढे केले की नाव एकच असले तरी चालेल, उलट तेच बरे. मग दोन्ही दारे एकाच घरात उघडतात. जुन्याचा वेग कमी असेल, पण ऑर्डरी घ्यायला पुष्कळ. केबल राजांगणाच्या वाशांवरून घ्या, चिरा फोडू नका.

केरीचा_पाहुणा | ९:०५
आईला विचारले. म्हणाली, चवथ होईपर्यंत भिंतीला, वाशाला आणि फळीला कोणी हात लावायचा नाही, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) तिथेच बांधायची आहे. डबा सध्या पिशवीत घालून माळ्यावर, आणि बोर्डावर त्याच्या ॲडॉप्टरच्या जागी मखराची माळ लागलीय. केबलचे अनंतचतुर्दशीनंतर बघू.

रिसेप्शनवरचा_भाऊ | ९:२०
आम्ही आरतीला आलो तर वायफाय मिळेल काय?

केरीचा_पाहुणा | ९:२४
जरूर या. नेवऱ्या (करंज्या) मी देतो. पासवर्ड आईकडे मागा.